झाडायची एक जागा, बसायचं दुसरीकडे

सांगली, मंगळवार, ४ जानेवारी १९४४

विलायती सरकारला माझं जाहीर गाऱ्हाणं – जर्मनीशी लढाई तुमची, मिशी माझी! मधल्या मध्ये तिचे हाल का?

मिशी चिकटवायचा विलायती गोंद बाजारातून नाहीसा झाला त्याला आठ महिने झाले. आमच्या रंगपटातला गडी धुळा, त्यानं तोड काढली. गुळाचा पाक! सांगलीत गुळाला काय तोटा! काल पाकानं मिशी झकास बसली. खेळानंतर धुळानं ती तशीच डब्यात ठेवली. आज डबा उघडून लावली. दुसऱ्या अंकात कळलं की मिशीत बिऱ्हाड आहे. मुंग्यांचं!

वरच्या ओठाला एकेक चावा आणि मी प्रेक्षकांसमोर जप्तीचा हुकूम वाचतोय. शेचाळीस वर्षांचा नट, सत्तावीस वर्षांची नोकरी, आणि आज लोक हसले ते माझ्या ओठाच्या उड्यांना.

खरं दुःख इथेच आहे. 'सासऱ्याची जप्ती' हे आमचं नवं नाटक. त्यात मी बेलिफाचा कारकून. एकच प्रवेश, आणि तोही मेलेला. मालक नारायणराव काल म्हणाले, "गोपाळराव, कारकुनाच्या जागी एक पाटी ठेवली तरी चालेल. पाटीला पगार लागत नाही."

हसत म्हणाले. मालक हसत म्हणतात तेव्हाच जपायचं. टॉकी आल्यापासून नट काढून टाकायला कारण लागत नाही.

गुरुवार, ६ जानेवारी

सापडला!

सकाळी घशासाठी जुनी हळकुंडं आणायला हळदपेठेत गेलो. एका आडत्याच्या दुकानात तोलाई करणारा एक माणूस. तिशीचा. कानापर्यंत पिवळा. नाव विचारलं, कृष्णात. आडत्यानं त्याला हाक मारली, "बस रे घटकाभर." त्यानं काय करावं? बाकावर एक जागा धोतराच्या सोग्यानं तीनदा झाडली, वर एक फुंकर मारली – आणि बसला शेजारच्या धुळीत! झाडलेली जागा तशीच मोकळी.

मी म्हटलं, "हळकुंड जुनं आहे का?"

"व्हय." मग थोडा वेळ बोटांची पेरं मोजल्यासारखं करून – "म्हंजे तसं न्हाई."

मी तिथेच त्याला खिशात घातला. आयुष्यभर हीच चोरी केली. सासऱ्यांचा खोकला, वाईच्या भटजींची मान, पोस्टमास्तरांचं नाक शिंकरणं – सगळं रंगभूमीवर खपवलं. कुणी पैसे मागायला आलं नाही.

शुक्रवार, ७ जानेवारी

एका बसण्याला वन्समोअर! गाण्याला मिळतो, बसण्याला कधी ऐकलाय? तीनदा उठलो, तीनदा झाडलं, तीनदा शेजारी बसलो. "जप्ती आणलीत?" "व्हय – म्हंजे तसं न्हाई." पिटात लोक एकमेकांच्या अंगावर पडले.

पाटी काय करणार हे!

प्रॉम्प्टर गंगाधरपंतांनी आपल्या वहीत नोंद केली. पदरचं काहीही घातलं की ते गाव आणि तारीख घालून लिहितात. चाळीस वर्षांची शिस्त. 'सांगली, ७ जाने. कारकून झाडून शेजारी बसतो. हशा मोठा.'

रविवार, ९ जानेवारी

आडत्या काल खेळाला आला होता. रंगपटात येऊन पोट धरून हसला. "अहो, हा तर आमचा कृष्णात!"

आज निघण्यापूर्वी शाबासकी गोळा करायला पेठेत गेलो. कृष्णात हसला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, ते तेवढं काढा."

"का?"

"काढा येवढं."

मी चिडलो. म्हटलं, "बाबा रे, तुझं नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही. तुझं गेलं काय?" वर कलेवर दोन वाक्यं ऐकवली. आपण कलेवर बोलायला लागलो की समजावं, आपली बाजू खोटी आहे.

त्यानं विचारलं, "आता फुडं कुठं जानार कंपनी?"

"लोणंद. मग उंब्रज, मग सातारा."

उंब्रज म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं, ते अजून डोळ्यापुढे आहे. पोत्यामागे गेला तो बाहेर आला नाही.

बुधवार, १२ जानेवारी. लोणंद

दोन खेळ झाले. हशा जोरात. मालकांनी पगारात दोन रुपये वाढवतो म्हटलं. लिहून दिलेलं नाही.

रविवार, १६ जानेवारी. उंब्रज

कंदिलात तेल नाही, अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून काळेठिक्कर होऊन पोचलो. तंबू गच्च. माझा प्रवेश. एक जागा झाडली. हशाची पहिली लाट आली. बसलो. दुसरी लाट. तेवढ्यात पिटातून कुणीतरी खुशीत ओरडलं –

"आरं, ह्यो तर आपला जोतीराम!"

हशा फुटला आणि मध्येच कापल्यासारखा थांबला. थिएटरात सत्तावीस वर्षं काढली. शिट्ट्या ऐकल्या, कांदे खाल्ले. असली शांतता नाही ऐकली. तंबूभर माणसं, आणि कुणी खाकरेना. मागच्या बाजूला एक म्हातारी उभी राहिली, पदर तोंडाशी धरून. पुढे खुर्चीत बसलेला फौजदार वळून मागे बघत होता. मग वळून माझ्याकडे.

पुढची वाक्यं गंगाधरपंतांनी दोनदा सांगितली. मला ऐकूच आली नाहीत.

नंतर धुळा बाहेरून ऐकून आला. जोतीराम हा इथून दोन कोसांवरच्या गावचा. दीड वर्षं फरारी. सरकारी तारा तोडल्या, खजिना लुटला, म्हणतात. डोक्यावर इनाम आहे. "पंचक्रोशीत पोराटोराला ठावं हाय, झाडून शेजारी बसनारा येकच."

मी काय केलं! बिचारा हळदीत लपला होता आणि मी त्याला गावोगाव ढोल वाजवत फिरवतोय. तिकीट लावून!

सोमवार, १७ जानेवारी. उंब्रज

सकाळी फौजदार बिऱ्हाडी. चहा मागून घेतला. साखर जास्त. अशी माणसं साखर जास्त घेतात.

"काय गोपाळराव, काम फार सुरेख. मूळ कुठं पाहिलंत?"

"कल्पना साहेब, कल्पना."

"कल्पनेला धोतराचा सोगा असतो का?"

मी हसलो. माझ्या सगळ्या कामांत वाईट झालेलं हसू ते.

"हे बघा, तुम्हाला घाई नाही. तुमची कंपनी साताऱ्याला येणार. खेळाचा परवाना आमच्या सहीनं निघतो. नटमंडळी किती आहेत तुमची? चौतीस? चौतीस जणांची चूल आहे. आठवून ठेवा."

गेला. चहाचा कप पालथा घालून गेला. का, देव जाणे. मी तासभर त्या कपाकडे बघत बसलो.

आजच्या खेळात साधा बसलो. न झाडता. एकही माणूस हसला नाही, पण मागून कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडल्याचा आवाज आला.

मंगळवार, १८ जानेवारी. उंब्रज

दुपारी तंबूच्या मागे ती म्हातारी. बनुबाई. जोतीरामची आई. उन्हातून दोन कोस चालत. ओटीत भुईमुगाच्या शेंगा.

मला वाटलं, शिव्या देईल. पाया पडायला वाकली. मी मागे सरलो.

"आवं, कुठं हाय ते इचारत न्हाई मी. मला सांगू बी नगा. मारलं तर तोंडातनं निघंल माझ्या. येवढंच सांगा, बारीक झालाय का?"

"नाही हो. बरा आहे."

"खोकतो का?"

"नाही."

पुढे काहीतरी विचारायचं होतं तिला. लाजली. मग म्हणाली, "येकदा बसून दावा."

चौतीस माणसांचं सामान पडलेलं, दोऱ्या, खोकी. मी एका ट्रंकेवर जागा झाडली. तीनदा. फुंकर मारली. शेजारी बसलो.

तिनं मान हलवली. "न्हाई. डावीकडं न्हाई. उजवीकडं बसतो त्यो." पुन्हा बसलो, उजवीकडे. मग म्हणाली, "त्याचा बा आदी बसायचा. पोरगं बासाठी जागा झाडायचं. बा मेला. झाडायची सवय तेवढी ऱ्हायली."

आजवर लोकांना हसवायला चोरलेल्या एकाही लकबीचं मूळ मला माहीत नाही. हे एकच कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

शेंगा ठेवून गेली. खाल्ल्या नाहीत. धुळानं खाल्ल्या.

गुरुवार, २० जानेवारी. सातारा

भाजीमंडईत दोघं जण दोन्ही बाजूंनी चालायला लागले. धोतर, घोंगडी, मऊ बोलणं.

"आमी बी बघितलं नाटक."

मी म्हटलं, "आवडलं का?" – सवय! जीव जातोय आणि मी अभिप्राय विचारतोय!

थोरला म्हणाला, "जोतीराम कुठं हाय ते तुमाला ठावं हाय. फौजदार इचारतोय, त्ये बी आमाला ठावं हाय."

"मी एक अक्षर बोललो नाही."

"मग बोलू बी नगा." धाकटा खाली माझ्या पायांकडे बघत होता. "नटाचं तळवं मऊ असत्यात, न्हाई का रं?"

"लय मऊ," थोरला म्हणाला. आणि दोघं मेथी घेऊन गेले. खरोखर मेथी घेतली, घासाघीस करून.

भूमिगत लोक खबऱ्यांच्या तळव्यांना पत्री ठोकतात, त्याच्या गोष्टी गेलं वर्षभर ऐकतोय. आजपर्यंत मीच त्या रंगवून सांगत होतो.

बायकोला, गोदावरीला, वाईला पत्र टाकलं. 'मी खुशाल आहे. काळजी नसावी.' घरी सुद्धा नाटकच.

शुक्रवार, २१ जानेवारी. सातारा

जेवण जात नाही. एका बाजूला परवाना, दुसऱ्या बाजूला तळवे, मध्ये मी. आणि सगळ्यांच्या खाली तो, पोत्यांवर, पिवळा. त्याला पत्र लिहावं तर पत्रं फोडतात. माणूस पाठवावा तर कुणाला? मी स्वतः जावं तर माझ्यामागे कोण येईल ते उघड आहे. म्हणजे मी त्याच्याकडे गेलो तरी फितूर, नाही गेलो तरी –

वाक्य अर्धं सोडतो. गंगाधरपंत पुरं करतील.

शनिवार, २२ जानेवारी. सातारा

फौजदारानं मालकांना निरोप धाडला – प्रॉम्प्टरची वही सोमवारी ठाण्यावर आणा.

वही! माझ्या ध्यानातच नव्हतं. मी शंभर थापा मारीन. वहीत गंगाधरपंतांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलंय, 'सांगली, ७ जाने.'

त्यांच्याकडे गेलो. सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणालातरी. म्हटलं, पान फाडा.

"पान फाडलं तर पानाचं बूड राहतं."

"मग खोडा."

"खाडाखोड? माझ्या वहीत?" म्हातारा उठून उभा राहिला. मला वाटलं, झालं. पुढे म्हणाला, "अख्खी वही नव्यानं उतरून काढतो. दोन रात्री, एक दिवस आहे. कुठलं गाव घालू?"

मला विचार करायला वेळ नव्हता. सांगलीनंतरचा पुढचा मुक्काम. गाडीचं गाव, रोज हजार माणसं येतात-जातात, कुणाचा पत्ता कुणाला नसतो.

"लोणंद घाला."

त्यांनी नवी वही उघडली. टाक बुडवला.

सोमवार, २४ जानेवारी. सातारा

ठाण्यावर अडीच तास. त्यातला दीड तास नुसता बाकावर. एक जागा मोकळी होती. पुसायला हात पुढे गेला, मागे घेतला.

फौजदारानं वही चाळली. बोट ठेवून वाचलं. "लोणंद, ११ जाने. कारकून झाडून शेजारी बसतो." माझ्याकडे बघितलं.

मग मी काम केलं. आधी नाही म्हटलं. मग घाबरलो – ते करावं लागलं नाही. मग मालकांचं नाव काढलं, चौतीस चुली काढल्या, डोळ्यांत पाणी आणलं, आणि पडलेल्या आवाजात सांगितलं, "लोणंदच्या स्टेशनात. कांद्याच्या पोत्यांवर. एकदाच पाहिला. नाव माहीत नाही."

"दिसायला?"

"अंधार होता."

त्यानं लिहून घेतलं. परवान्यावर सही केली. उठताना म्हणाला, "हे आधीच सांगितलं असतंत तर?"

सत्तावीस वर्षांतलं माझं सर्वात उत्तम काम. पिटात एकच माणूस, आणि टाळी नाही.

बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं, खेळानंतर रंग उतरवतात तसं.

मंगळवार, २५ जानेवारी

काही नाही. मंडईत गेलो नाही.

बुधवार, २६ जानेवारी

मंडईतला थोरला थिएटरच्या दारात दिसला. माझ्याकडे बघून नुसता तपकीर ओढून गेला. ह्याचा अर्थ काय? तपकिरीचा अर्थ लावत मी दिवस काढला.

शनिवार, २९ जानेवारी. सातारा

अहो आश्चर्य! सांगलीचा आडत्या! वसुलीला साताऱ्यात आलेला, खेळ बघून रंगपटात. मी त्याला बघून खुर्चीतून पडायचाच बाकी.

"गोपाळराव, तुमच्यावर मी रागावलोय. तुम्ही नक्कल केलीत आणि माझा माणूस पळवलात!"

"म्हणजे?"

"कृष्णात हो. तुमची कंपनी निघाली ना रविवारी, त्याच दिवशी संध्याकाळी तोही गेला. पगार घेतला नाही, भाकरीचं फडकं सुद्धा तिथंच. लाजला की काय कोण जाणे! असा तोलारी मला पुन्हा मिळायचा नाही. त्याचा काटा कधी हलला नाही."

त्याच दिवशी! नवव्या तारखेलाच! मी उंब्रजला पाय ठेवायच्या आधी आठवडाभर तो डोंगरापार!

मी आडत्याच्या गळ्यात पडलो. तो बिचारा गोंधळून म्हणाला, "असू द्या, असू द्या, दुसरा मिळेल."

मंडईतल्या थोरल्यालाही कळलं असणार. तपकिरीचा अर्थ लागला!

म्हणजे मी तेरा दिवस उगीच मेलो. जेवण टाकलं, तळव्यांना रात्री खोबरेल लावत होतो, मोजे घालून झोपत होतो (हे कुठे लिहिलं नव्हतं). आणि तो केव्हाच सुटलेला. आज तीन वाट्या भात खाल्ला. गंगाधरपंतांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मी वही फुकट उतरून काढली." आणि मिशांतल्या मिशांत हसले. म्हातारा हसतो हे मला आज कळलं.

बनुबाईला कुणीतरी कळवलं असेल. असणारच.

गुरुवार, ३ फेब्रुवारी. सातारा

शेवटचा खेळ. बसताना पुन्हा झाडायला लागलोय. मालकांची आज्ञा. आता काय भीती? उजवीकडे बसतो. हशा तोच.

फलटणचं कंत्राट आलंय. रविवारी लोणंदपर्यंत गाडी, तिथून मोटार.

रविवार, ६ फेब्रुवारी. लोणंद

मोटारीला दोन तास उशीर. मंडळी स्टेशनबाहेर सामानावर. मी चहाच्या दुकानात बसलो. कप पुसत दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलत होता. गुंडा नावाच्या कुणा हमालाबद्दल.

"गेल्या मंगळवारी न्हवं, त्याच्या आदल्या. पंचवीस तारखेला. हितंच, तुमी बसलाय तिथं. नाटकात बघितलेलं करून दावायचा रोज. जागा झाडायची येका ठिकानी आन् बसायचं दुसरीकडं. लोक हसायचे, च्या पाजायचे. त्या दिवशी बी झाडलं, बसला, आन् साध्या कपड्यातलं दोन पोलीस उठलं."

गिऱ्हाईक म्हणालं, "मग?"

"मग काय. नाव सांग, नाव सांग. गुंडा म्हनतोय, गुंडाच म्हनतोय. तीन दिसानी उंब्रजचा मानूस आनला, त्यो म्हनाला, ह्यो न्हवं. सोडला. खाटल्यावर घालून आनला घरी. तळव्याला कातडं न्हाई. वझं उचलनं सरलं त्याचं."

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. मालक नारायणराव हाका मारत होते.

गुंडाचं घर रुळांपलीकडे, दिसत होतं. तिथे गेलो नाही. जाववलं नाही.

चहाचे पैसे देताना विचारलं, त्या दिवशीच्या त्याच्या चहाचे पैसे कुणाकडे?

दुकानदार म्हणाला, "ऱ्हायलं ते. पाजनारं पळून गेलं सगळं."

त्याचा एक आणा दिला. त्यानं तो गल्ल्यात टाकला आणि पुढचा कप पुसायला घेतला.